स्वस्त तिकिटाच्या शिल्पकारास

प्रति,
मा. महसूल व्यवस्थापक,
एक स्वस्त विमान कंपनी
(नाव छापत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे.)

विषय : अभिनंदन, आणि एका हिशेबाची मागणी

स. न. वि. वि.

साहेब, विमानप्रवासात सगळ्यांची नावं कळतात, तुमचं सोडून. कॅप्टन स्वतःचं नाव सांगतो, केबिन क्रूच्या छातीवर पाटी असते, आणि सामानाच्या काट्याशी उभ्या असलेल्या मुलीचं नाव तर आम्ही मुद्दाम वाचून घेतो, कारण पुढची दहा मिनिटं तिच्याशीच भांडायचं असतं. त्या बिचारीचा दरपत्रकाशी काडीचा संबंध नसतो. ते तुम्ही लिहिलेलं असतं. तुम्ही कुठल्याशा थंडगार मजल्यावर बसून भाड्याचा एक कप्पा बंद करता, दुसरा उघडता, आणि इकडे हडपसरच्या एखाद्या स्वयंपाकघरात जुंपते : "काल रात्रीच काढून टाका म्हणत होते ना मी!"

तेव्हा हे पत्र तुम्हाला. आधी अभिनंदनाचं उरकू, कारण ते मनापासून करायचं आहे. लोक तुम्हाला चोर म्हणतात, ते मला पटत नाही. चोरी फार सोपी असते. तुम्ही करता त्याला डोकं लागतं.

लोकांचा समज असा की तुम्ही पाण्याच्या बाटलीवर आणि सँडविचवर कमावता, म्हणून तिकीट स्वस्त देऊ शकता. छे. तिकीट स्वस्त होतं ते विमान जमिनीला टेकतं आणि पुन्हा उठतं, त्या मधल्या अर्ध्या तासात. विमान उभं असलं तरी त्याचं भाडं चालू असतं, विमा चालू असतो, पगार चालू असतात. बंद असते ती फक्त कमाई. हे शहाणपण अमेरिकेतल्या साउथवेस्टला अडचणीतून सुचलं. १९७१ मध्ये टेक्सासात सुरू झालेल्या या कंपनीकडे चार विमानं होती. पुढच्याच वर्षी रोकड आटली आणि त्यांतलं एक विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच चालवायचं होतं. मग ठरलं : विमान येऊन लागल्यावर दहा मिनिटांत परत निघालं पाहिजे. आणि ते निघू लागलं.

तेव्हापासून तुमच्या दुनियेतली प्रत्येक गोष्ट त्या घड्याळाकडे बघून ठरते. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडायची, म्हणजे माणसं लवकर रिकामी होतात. गरम जेवण द्यायचं नाही, कारण जेवण म्हटलं की ओव्हन आला, ट्रॉल्या आल्या, केटरिंगची गाडी आली, खरकटं आलं आणि ते उचलायला माणसं आली. त्यापेक्षा कपातल्या कोरड्या उपम्यावर उकळतं पाणी ओतलेलं बरं. सफाईला वेगळी फौज कशाला? मघाशी जिने आणीबाणीचं दार दाखवलं, तीच आता पिशवी घेऊन कचरा मागत फिरते. युरोपातल्या रायनएअरने तर सीटच्या पाठचा कप्पाच काढून टाकला. कप्पा नाही, तर त्यात कोंबलेलं केळ्याचं सालही नाही, आणि ते शोधण्यात वेळही नाही. सुरक्षेची सूचनापत्रिका सीटच्या पाठीवरच चिकटवून टाकली. इतका विचार आमच्याकडे सोसायटीच्या पार्किंगचासुद्धा कुणी केलेला नाही.

एका मुक्कामात वीस मिनिटं वाचली की दिवसाअखेर एक जादा फेरी निघते, आणि त्या जादा फेरीचा पैसा म्हणजेच तुमचा नफा. रात्रीचंही तेच. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर रात्री दोन वाजता जी जत्रा भरलेली असते, ती काही पुणेकरांना निद्रानाश जडला म्हणून नव्हे. विमान रात्री झोपलं तर ते फुकट झोपत नाही, म्हणून. दुपारी झोपणाऱ्या शहराला तुम्ही रात्री जागवलंत. हे आजवर कुठल्याही सरकारला जमलेलं नव्हतं.

या घड्याळात खोट एकच. दिवसभराच्या फेऱ्या एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या, की दिल्लीत सकाळी धुकं पडलं तर त्याचा हिशेब रात्री पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला चुकवावा लागतो. दुपारी निदान वेळ भरून काढता यावा म्हणून जी फट लागते, तीच तुम्ही विकून टाकलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, साहेब. पुढे लागणार आहे.

एकाच जातीची विमानं ठेवण्याची युक्ती आता सगळ्यांनाच कळली आहे : कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो, सुट्या भागांचं कोठार एक, प्रशिक्षण एक. ज्या एअरबस ए३२० मध्ये बिझनेस क्लासचा पडदा लावणाऱ्या कंपन्या साधारण दीडशे माणसं बसवतात, त्यातच तुम्ही १८० ते १८६ बसवता. वैमानिक दोनच, इंधन जवळपास तेवढंच. वरच्या तीस माणसांची जागा आमच्या गुडघ्यांतून काढलेली. नियमाने दर पन्नास सीटमागे एक केबिन क्रू लागतो, म्हणून दोनशेच्या आत राहिलं की चौघांत भागतं. रायनएअरने बोइंगकडून खास बनवून घेतलेल्या ७३७ मॅक्समध्ये १९७ सीट आहेत. आणि २०१३ मध्ये आपल्या गोएअरने यापुढे केबिन क्रूमध्ये फक्त मुलीच घ्यायचं ठरवल्याची बातमी आली होती, कारण मुली वजनाने हलक्या, तेवढंच इंधन वाचतं. स्त्रियांना नोकरीत प्राधान्य देण्याचं इतकं हलकं कारण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पण खरा मुजरा करावा तो विमानखरेदीला. विमान कंपन्या विमानं घेतात ती उडवायला, असा माझा भाबडा समज होता. २००५ च्या जूनमध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात इंडिगोने एअरबसकडे १०० ए३२० विमानांची मागणी नोंदवली. तेव्हा या कंपनीचं एकही विमान आकाशात गेलेलं नव्हतं. पहिलं उड्डाण व्हायला २००६ चा ऑगस्ट उजाडला. घाऊक गिऱ्हाइकाला घाऊक सूट मिळते, इथपर्यंत मलाही कळतं. पुढचं समजायला मला सनदी लेखापाल असलेल्या मेव्हण्याची मदत लागली. सवलतीत मिळालेलं विमान हातात आलं की ते लगेच एखाद्या भाडेपट्टा कंपनीला विकायचं, घेतलं त्याहून चढ्या भावाने, आणि तेच विमान तिच्याकडून सहाएक वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं. विक्रीचा नफा आज खिशात, विमान आपल्याच दारात, मालकीची डोकेदुखी दुसऱ्याकडे. मोठ्या दुरुस्तीची वेळ येण्याआधी ते परत करायचं आणि नवं आणायचं. नवं विमान कमी बिघडतं, इंधनही कमी पितं. ए३२० निओला जुन्या ए३२० पेक्षा पंधरा टक्के तरी कमी लागतं. आम्ही आत शिरताना म्हणतो, काय चकाचक विमान आहे! चकाचक कसलं, वॉरंटीतलं आहे. २०२३ मध्ये याच इंडिगोने एका दमात ५०० विमानं मागवली. तोवरच्या नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात एवढी मोठी मागणी एका वेळी कुणीच नोंदवली नव्हती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, दिवाळखोरीच्या अर्जासह जमिनीवर आली. तिने बोट दाखवलं ते प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांकडे. त्यांच्यापायी तिची निम्मी विमानं उभी होती. सगळी विमानं एका जातीची असली की दुखणंही सगळ्यांना एकदमच होतं.

आपल्याकडे या धंद्याचे मूळ पुरुष म्हणजे कॅप्टन गोपीनाथ. सैन्य सोडून रेशीमशेती केलेला माणूस. २००३ मध्ये त्यांनी एअर डेक्कन काढली, पहिल्यांदा उडाले ते बंगळुरू–हुबळी, आणि चेहरा घेतला आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा. पुढे एक रुपयात तिकीट निघालं आणि देशात खळबळ उडाली. त्यांच्यावरून तमिळमध्ये 'सूरराई पोट्रू' निघाला, मग हिंदीत 'सरफिरा'. हिंदीत तर नायकाला चक्क म्हात्रे करून टाकलं, त्यामुळे आपण उगाचच छाती फुगवून घेतली. सिनेमात न रमणारा भाग असा : २००७ मध्ये किंगफिशरने या कंपनीत शिरकाव केला, आणि कॉमन मॅन गेला तिथे किंगफिशर पक्षी येऊन बसला. २०१२ मध्ये पक्षीही कोसळला. त्याच्या पंखांखाली सार्वजनिक बँकांची कर्जं होती. तेव्हा तुमच्या धंद्यातलं प्रत्येक स्वस्त तिकीट हुशारीतूनच आलेलं असतं असं नाही, साहेब. काही आमच्याच मुदतठेवींतून आलेली असतात.

असो. ते एक रुपयाचं तिकीट खोटं नव्हतं. फक्त विमानात तशा जागा मोजक्या होत्या. आणि इथून तुमचा खास प्रांत सुरू होतो.

विमानातल्या १८६ जागा आम्हाला सारख्या दिसतात. तुमच्या पडद्यावर त्या दहा-पंधरा कप्प्यांत वाटलेल्या असतात, प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर आणि एक भाव. सगळ्यात खालच्या कप्प्यात जागा थोड्या. जाहिरातीत छापतात तो भाव त्यांचा, पुढे बारीक अक्षरात 'पासून'. त्या संपल्या की वरचा कप्पा उघडतो. विक्री अंदाजापेक्षा जोरात असली तर खालचे कप्पे वेळेआधीच बंद, मंदावली तर पुन्हा उघडे. लोक म्हणतात, मी दोनदा बघितलं म्हणून भाडं चढलं, आता बायकोच्या मोबाइलवरून बघतो. बहुतेकदा तसं काही नसतं. मधल्या वेळात भलत्याच कुणीतरी खालच्या कप्प्यातली शेवटची जागा उचललेली असते. एक गोष्ट मात्र तुम्ही कधी सांगत नाही, ती मी सांगून टाकतो. चौघांची तिकिटं एकदम शोधली आणि खालच्या कप्प्यात तीनच जागा उरल्या असल्या, तर बहुतेक यंत्रणा तिघांना स्वस्त आणि एकाला महाग असं करत बसत नाहीत. चौघांनाही वरचा भाव लावतात. वाचकहो, आधी एकट्याचं भाडं बघा, मग चौघांचं. फरक दिसला तर तिकिटं फोडून काढा. साहेब, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणल्याबद्दल क्षमस्व.

गंमत म्हणजे हे कप्पे तुमच्या घराण्याने शोधलेले नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकेत पीपल एक्स्प्रेस नावाची कंपनी सुरू झाली. भाडं मातीमोल, सामानाचे पैसे वेगळे, कॉफीचे वेगळे, आणि तिकिटाचे पैसे विमान उडाल्यावर सीटपाशी येऊन गोळा करायचे. बलाढ्य अमेरिकन एअरलाइन्सला सरसकट तेवढं उतरणं परवडणारं नव्हतं. तिने १९८५ मध्ये वेगळीच चाल केली. कुठल्या विमानात किती जागा रिकाम्या जाणार याचा अंदाज संगणकाकडून काढला, तेवढ्याच जागा बऱ्याच आधी बुकिंग करणाऱ्यांना स्वस्तात दिल्या, आणि ऐनवेळी येणाऱ्या सुटाबुटातल्या गिऱ्हाइकाला जुनाच भाव ठेवला. १९८७ पर्यंत पीपल एक्स्प्रेस दुसऱ्या कंपनीत विरून गेली. म्हणजे हे हत्यार मुळात घडवलं गेलं ते स्वस्त कंपनीचा काटा काढायला. तुम्ही ते उचललंत, आणि आता ते आमच्यावर चालवता.

दिवाळीत पुणे–नागपूर बघा. रेल्वेची प्रतीक्षायादी लांबलेली, ट्रॅव्हल्सवाल्यांनी भाव चढवलेले. पण ट्रॅव्हल्सवाल्याला निदान एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही असा राज्य सरकारचा आदेश आहे. तो पाळला जातो असं नाही, पण कागद आहे. तुमच्यासाठी एरवी तो कागदही नाही. १९९४ पासून भाडं ठरवायला तुम्ही मोकळे आहात.

अशाच एका दिवाळीत आईला घेऊन नागपूरला निघालो होतो, तुमच्याच विमानाने. सीट निवडायला पैसे भरले नाहीत, म्हणून यंत्रणेने मला अकराव्या रांगेत टाकलं आणि आईला एकोणतिसाव्या. नशीब म्हणायचं! दोघांनी शेजारी बसायचं तर दोघांचेही पैसे. लोक आपल्या माणसांजवळ बसायला पैसे मोजतात, हा शोध नुसता तुमचा नाही. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने २०१८ मध्ये याचीच पाहणी केली होती. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एका तरी पालकाजवळ बसवा. पंच्याहत्तरीच्या आईबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही.

मग काटा. बॅगेत दीड किलो जादा निघालं : चकल्या आणि बेसनाचे लाडू. जादा किलोचा विमानतळावरचा भाव ऐकून आईने काट्याशी उभ्या असलेल्या मुलीसमोरच बॅग उघडली, दोन स्वेटर काढून अंगात चढवले, लाडवांचा डबा पर्समध्ये कोंबला आणि विचारलं, "आता?" आता काट्यावर मर्यादेतले पंधरा किलो. वजन तेच, विमान तेच, आईही तीच. विमानाला काही फरक पडला नाही, तुमच्या खात्याला पडला. त्या मुलीला हसू आवरेना. तुम्ही तिथे हवे होतात.

सामानाचे वेगळे पैसे घ्यायची रीत युरोपात २००६ च्या सुमारास फ्लायबी आणि रायनएअर यांनी पाडली. कारण पुन्हा तेच घड्याळ : पोटात बॅगा कमी, तर उतरवायला माणसं कमी, वेळ कमी. रायनएअरचे मायकेल ओ'लिअरी या प्रकारातले सम्राट. २००९ मध्ये त्यांनी विमानातल्या स्वच्छतागृहाला पैसे लावायचा विचार बोलून दाखवला. लावले कधीच नाहीत, पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी चिडून बातम्या छापल्या आणि कंपनी स्वस्त असल्याची जाहिरात फुकटात झाली. पॅरिस म्हणून ते विमान उतरवतात ते बोव्हेला, पॅरिसपासून ऐंशीहून जास्त किलोमीटरवर. मुंबई सांगून लोणावळ्यात उतरवावं तसं. तिथल्या विमानतळाचं शुल्क कमी पडतं. उरलेला प्रवास तुमचा तुम्ही.

सगळंच पाप तुमच्या माथी मारत नाही. आपल्याकडे विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही, आणि कंपनीच्या खर्चातला सर्वात मोठा वाटा तेच खातं. प्रत्येक राज्याचा त्यावरचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला; काही राज्यांत तो याच्या कितीतरी खाली आहे. म्हणून जिथे कर कमी तिथे टाक्या जास्त भरून घ्यायच्या, मग ते वजन वाहायला थोडं इंधन जळलं तरी चालेल, असाही हिशेब तुम्ही लोक करता. त्यात विमानतळाचं विकास शुल्क, सुरक्षा शुल्क. तिकिटातले हे पैसे तुमच्या खिशात जात नाहीत, हे मान्य. दुकानदार म्हणून शिव्या तुम्ही खाता.

आता हिशेबाकडे येतो, ज्यासाठी हे पत्र. तिकिटाचे तुकडे करण्यात तुमचा एक फायदा सर्वांना दिसतो : मूळ भाडं छोटं दिसलं की शोधयादीत तुम्ही वर येता. दुसरा फायदा फार थोड्यांच्या लक्षात येतो. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे पुरेशी आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केलं आणि कारण तुमच्या हातातलं असलं, तर परताव्याशिवाय वर भरपाई द्यावी लागते. तासाभराच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. जे कमी असेल ते! म्हणजे अठराशेच्या तिकिटाची भरपाई अठराशेच्या आसपास, आणि त्याच दिवशी दुसरं विमान पकडायला मी मोजणार तो भाव वरच्या कप्प्यातला. सीटचे, बॅगेचे, उपम्याचे म्हणून घेतलेले पैसे मूळ भाड्यात धरलेले नसतात. घेताना तुम्ही माझ्याकडून पूर्ण तिकीट घेता, आणि देणं लागलं की तिकीट पुन्हा छोटं होतं. विमान रद्द न होता नुसतं तासन् तास रखडलं, तर रोख भरपाई नाहीच. खाणंपिणं मिळतं, आणि सहा तासांपलीकडे दुसरं विमान किंवा परतावा.

युरोपात २००४ च्या नियमाने भरपाई अंतरावर ठरते : २५०, ४०० किंवा ६०० युरो. तिकीट वीस युरोचं असो की दोनशेचं, त्याच्याशी तिला देणंघेणं नाही, आणि तीन तासांहून जास्त उशिरालाही ती लागू आहे. ओ'लिअरींनी यावर भरपूर आरडाओरडा केला, २०११ मध्ये प्रत्येक तिकिटावर दोन युरोचा वेगळा आकारही बसवला. पण कंपनी बुडाली नाही आणि स्वस्त तिकिटंही बंद झाली नाहीत. मग तुम्हालाच तो नियम का झेपू नये, हे मला समजावून सांगा.

हे सगळं कोरडं वाटत असेल, तर २०२५ चा डिसेंबर आठवा. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती द्यायची, रात्री विमान उतरवण्याच्या वेळा कमी करायच्या, हे नियम २०२४ च्या जानेवारीतच जाहीर झाले होते. शेवटचा टप्पा लागू झाला २०२५ च्या नोव्हेंबरात. जवळजवळ दोन वर्षांची मुदत. आणि देशातल्या निम्म्याहून जास्त प्रवाशांची ने-आण करणाऱ्या इंडिगोला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिक पुरेनात. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लोक बॅगांच्या ढिगांत आपली बॅग शोधत होते, लग्नांची वऱ्हाडं विमानतळांवर बसून होती, आणि बाकीच्या कंपन्यांतले तुमचे व्यवसायबंधू शांतपणे वरचे कप्पे उघडत होते. दुसऱ्या दिवशी सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. मघाशी ती फट विकल्याचं म्हटलं होतं ना, ती ही. वैमानिक राखीव ठेवणं, एखादं विमान मोकळं ठेवणं, दोन फेऱ्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ ठेवणं, याला पैसा लागतो. तो वाचवून तुम्ही भाडं उतरवता, आणि ते फसलं की खर्च आमच्याकडून वसूल होतो, तोही एका झटक्यात.

आमचीही बाजू फार स्वच्छ नाही. शोधताना 'सर्वात स्वस्त आधी' यावर बोट आम्हीच ठेवतो, शंभर रुपयांनी महाग पण वेळेवर जाणाऱ्या विमानाला डावलतो, आणि मग वेळ पाळत नाही म्हणून तुमच्यावर पत्रं लिहितो. तुम्ही आमची ओळख आमच्यापेक्षा चांगली ठेवता. म्हणूनच मी तुमच्याकडे दिलदारपणा मागत नाही. तो कुठल्याच कप्प्यात नसणार. मागणी दोन गोष्टींची आहे, आणि ती तुमच्यामार्फत डीजीसीएकडेही आहे. पहिल्याच पानावर एक बॅग, एक सीट आणि शेवटी चिकटणारं प्रत्येक शुल्क धरून पूर्ण आकडा दाखवा. आणि भरपाई तिकिटाच्या किमतीवर नको, अंतरावर ठरवा. ती उशिरालाही लावा. मग दहा मिनिटांत विमान वळवा, चार क्रूमध्ये दोनशे माणसं न्या, विमान विकून भाड्याने घ्या, आमची ना नाही. तुमची हुशारी तुमच्या जोखमीवर चालू द्या.

कळावे.

आपला,
एकोणतिसाव्या रांगेत मधल्या सीटवर बसलेला (आईला अकरावी रांग दिली)

ता. क. वाचकांसाठी : तिकीट तुम्ही स्वतः रद्द केलंत आणि मूळ भाडं बुडालं, तरी विमानतळाचं विकास शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात, अगदी 'नॉन-रिफंडेबल' सवलतीच्या तिकिटावरसुद्धा. ते आपोआप आले नाहीत, तर मागा. आणि उड्डाण कंपनीने रद्द केलं तर परताव्यावर समाधान मानू नका. भरपाई लेखी मागा, आणि उत्तर आलं नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.